घुबडाच्या रक्ताचा स्मिअर आणि तीन बाटल्यांचा झटपट स्टेन: कुठवर भरवसा ठेवायचा

जखमी किंवा अशक्त घुबड टेबलावर आलं की रक्ताची स्लाइड रंगवायला बहुतेक ठिकाणी पुढे येतो तो तीन बाटल्यांचा संच: फिकट निळसर-हिरवं फिक्सेटिव्ह (पेशी आहेत तशा टिकवून धरणारं द्रावण), मग लाल इओसिन, मग निळं-जांभळं थायाझिन. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात हाच संच दिवसभर चालू असतो, म्हणून तो हाताशी असतो. इथे परीक्षण आहे ते याच प्रकारच्या संचाचं, कुठल्या एका कंपनीचं नाही. घुबडाच्या रक्तातले परजीवी शोधायला तो कितपत कामाचा, एवढाच प्रश्न आहे. निकाल आधीच सांगतो: ‘परजीवी आहे का, आणि असला तर बराच आहे का’ याचं उत्तर तो दहा मिनिटांत देतो आणि बऱ्यापैकी देतो. ‘कोणता परजीवी’ याचं उत्तर अर्धवट देतो. आणि ‘काही नाही, स्लाइड स्वच्छ आहे’ असं जे उत्तर देतो, त्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवायचा.

घुबडांच्या रक्तात मुख्यतः चार मंडळी भेटतात. हिमोप्रोटिअस पसरवतात क्युलिकॉइडिस नावाच्या चिलटाएवढ्या चावऱ्या माश्या, ल्युकोसायटोझून पसरवते सिम्युलियम म्हणजे काळी माशी, आणि पक्ष्यांचा मलेरिया, म्हणजे प्लास्मोडिअम, डासांकडून येतो. चौथा ट्रिपॅनोसोमा. तो पेशीत शिरत नाही, पेशींच्या मधल्या द्रवात वळवळतो. अधूनमधून मायक्रोफायलेरिया म्हणजे सूक्ष्म जंताची पिल्लंही दिसतात. जंगलातल्या प्रौढ घुबडात यातलं काहीतरी सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तेवढ्यानं पक्षी आजारी ठरत नाही. शरीर आणि परजीवी यांच्यात समेट झालेला असतो. रक्तात तुरळक संख्या राहते आणि पक्षी शिकार करत राहतो.

समेट मोडतो तो उपासमारीत, पहिल्याच संसर्गात, किंवा ज्या परजीवीशी त्या जातीची पिढ्यान्‌पिढ्या ओळखच नाही त्याच्याशी गाठ पडली की. कॅनडाच्या युकॉन भागात ग्रेट हॉर्न्ड आउल या मोठ्या शृंगी घुबडाची नुकतीच उडू लागलेली पिल्लं मरत होती. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काळ्या माश्यांचे चावे आणि ल्युकोसायटोझून हे दोन्ही त्यामागे दिसले, आणि सशांची संख्या कोसळून अन्न तुटल्याचा काळही तोच होता. थंड प्रदेशातली हिमघुबडं बंदिवासात उबदार, माश्या-डासांच्या भागात ठेवली की ती जास्त बळी पडतात. हिमघुबडाच्या पिल्लांमध्ये हिमोप्रोटिअस आणि ल्युकोसायटोझून या दोघांचा एकत्र संसर्ग जीवघेणा ठरल्याची नोंद १९९८ची आहे. अमेरिकेतल्या उत्तरी स्पॉटेड आउलमध्ये प्लास्मोडिअम पहिल्यांदा नोंदवला गेला तो २००८ मध्ये, आणि संरक्षणाचं काम करणाऱ्यांना त्याची काळजी वाटली ती याच कारणानं. तेव्हा स्लाइडवर नुसतं ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहून भागत नाही. किती आहे, कुठला आहे, आणि पक्ष्याचं रक्त त्याला कसं तोंड देतं आहे, हे तिन्ही हवं.

संच चांगला की वाईट हे ठरवण्याआधी स्लाइडवर रक्त कसं पसरलंय ते पाहायला हवं, कारण निम्म्या तक्रारी तिथेच उगम पावतात. पंखाखालच्या किंवा पायाच्या शिरेतून घेतलेल्या ताज्या रक्ताचा एक छोटा थेंब, रक्त न गोठू देणारं कुठलंही द्रव्य न मिसळता, थेट स्लाइडवर. हेपरिन घातलं की पार्श्वभूमी निळी पडते. ईडीटीएमध्ये काही पक्ष्यांच्या लाल पेशी फुटतात. पण खरी अडचण वेळेची आहे. रक्त शरीराबाहेर आलं, थंड झालं, हवेला लागलं की हिमोप्रोटिअसच्या नर-मादी पेशींना वाटतं आपण माशीच्या पोटात पोचलो. त्या गोल होतात, लाल पेशीतून बाहेर पडतात, नरपेशी चाबकासारखे धागे सोडते. नळीत अर्धा तास राहिलेल्या रक्तातून स्लाइड केली तर केंद्रकाला कवेत घेऊन बसलेली ती ओळखीची लांबट आकृती उरत नाही, आणि मग दोष स्टेनला दिला जातो. थेंब घेतल्यापासून एका मिनिटात लेप (स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) ओढायचा आणि छोट्या पंख्यासमोर १०-१५ सेकंदांत वाळवायचा. हवा दमट असेल तर पंखा हवाच. हळूहळू वाळलेल्या लेपात लाल पेशी आक्रसतात आणि त्यांना दातेरी कडा येतात.

रक्त किती घ्यायचं याची भीती उगाच असते. निरोगी पक्ष्याच्या वजनाच्या एक टक्क्यापर्यंतची मर्यादा मानली जाते. आजारी पक्ष्यात त्याहून बरंच कमी. ११० ग्रॅमच्या पिंगळ्यासाठी सुद्धा ती सुमारे एक मिली होते, आणि आपल्याला लागतात तीन-चार स्लाइडचे थेंब आणि दोन केशनळ्या, म्हणजे दोनेकशे मायक्रोलिटर.

आता संच. डब्यावरची सूचना सांगते की प्रत्येक बाटलीत पाच बुड्या, प्रत्येक बुडी एका सेकंदाची. सस्तन प्राण्यांच्या रक्ताला ते पुरतं. पक्ष्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं, पेशी लांबट आणि सुमारे १२ मायक्रॉन असते, आणि पाच सेकंदांत ती नीट फिक्स होत नाही. केंद्रक पुसट, पसरट दिसतं. फिक्सेटिव्हमध्ये स्लाइड एक ते दोन मिनिटं सोडा. इओसिनमध्ये ५ ते ८ बुड्या, निळ्यात ८ ते १२. दोन बाटल्यांच्या मधे स्लाइडची कड टिशूवर टेकवून निथळू द्या, नाहीतर लाल रंग निळ्यात जातो आणि चार दिवसांत निळी बाटली जांभळट गढूळ होते. शेवटी उर्ध्वपातित पाण्यानं किंवा ६.८ पीएचच्या बफरनं (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणानं) धुवा, नळाच्या पाण्यानं नाही. पाण्याचा पीएच जिकडे झुकेल तिकडे स्लाइड झुकते: अल्कली पाण्यात सगळं निळं, आम्लधर्मी पाण्यात सगळं गुलाबी.

एवढं जमलं की संच आपली चांगली बाजू दाखवतो. ल्युकोसायटोझून त्यात सहज सापडतो, कारण तो लहान नाहीच. ज्या पेशीत शिरतो तिची ओळखच पुसून टाकतो. ती दोन्ही टोकांना निमुळती, चातीसारखी किंवा गोल फुगलेली होते आणि तिचं केंद्रक एका बाजूला पट्टीसारखं दाबलं जातं. या फुगलेल्या पेशी लेप ओढताना शेवटच्या, पिसासारख्या कडेला वाहून जातात. म्हणून लहान भिंगाखाली आधी ती कड आणि दोन्ही बाजू फिरून घ्यायच्या. मधल्या एकसारख्या भागात शंभर फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) पाहून ‘नाही’ लिहिणारे इथेच फसतात. मायक्रोफायलेरिया आणि एखादा ट्रिपॅनोसोमाही कडेलाच हाती लागतो.

हिमोप्रोटिअसच्या वाढलेल्या पेशीही या संचात चांगल्या दिसतात. मादीपेशी निळी, तिचं केंद्रक आटोपशीर. नरपेशी फिकट, तिचं केंद्रक पसरलेलं. आणि दोन्हींत सोनेरी-तपकिरी ते काळे कण, म्हणजे हिमोग्लोबिन पचवून उरलेलं हिमोझोइन. या कणांना स्टेन लागतच नाही, त्यांचा रंग स्वतःचा असतो. त्यामुळे संच कितीही साधा असला तरी ही खूण हातची जात नाही. ल्युकोसायटोझूनमध्ये हे कण नसतात. एवढ्या एका फरकावर पहिली वाटणी होते.

अडतं ते यापुढे. हिमोप्रोटिअस आणि प्लास्मोडिअम दोघांतही हे कण असतात. फरक असा की हिमोप्रोटिअसची विभागणी शरीराच्या ऊतींत होते, रक्तात फक्त नर-मादी पेशी येतात. प्लास्मोडिअम रक्तपेशीतच विभागतो. म्हणजे लाल पेशीत एकापेक्षा जास्त केंद्रकं असलेला, विभागणारा परजीवी दिसला तर तो प्लास्मोडिअम. घुबडातल्या तुरळक संसर्गात असा टप्पा हजारो पेशींत एखादा असतो, आणि कोवळे टप्पे एवढे लहान असतात की झटपट स्टेनच्या ढोबळ निळ्यात ते लाल पेशीच्या केंद्रकाला चिकटलेला ठिपका वाटतात. गिम्सा या जुन्या, तासभर लागणाऱ्या स्टेनमध्ये परजीवीचं केंद्रक लालसर आणि भोवतालचा द्रव निळा, असा स्वच्छ वेगळा पडतो. झटपट संचात ही रंगांची फाळणी तितकी होत नाही. निळसर झाक असलेल्या तरुण लाल पेशीही त्यात कमी उठून दिसतात. रक्तक्षय असलेल्या घुबडाचं शरीर नव्या पेशी बनवतंय का, हे त्यांच्यावरूनच कळतं, त्यामुळे हा तोटा किरकोळ नाही.

आणि खोटे परजीवी. या संचाची सगळ्यात मोठी खोड हीच. फिक्सेटिव्ह म्हणजे मिथेनॉल, आणि मिथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं. झाकण उघडं राहिलेल्या बाटलीत आठवड्याभरात एवढं पाणी जातं की लाल पेशींत चमकदार, काचेसारखे बुडबुडे दिसू लागतात. नवशिक्या डोळ्याला ते नेमके पेशीतल्या परजीवीसारखे भासतात. बारीक फोकस हलवा: बुडबुडा एकदा लख्ख चमकतो, एकदा काळा पडतो, आणि त्यात केंद्रक कधीच नसतं. दुसरा भुलवणारा म्हणजे स्टेनचा साका. हे जांभळे-काळे कण पेशींच्या वर बसतात, म्हणून पेशी फोकसमध्ये असताना ते नसतात, आणि पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेतही सांडलेले असतात. हिमोझोइन परजीवीच्या आतच असतं, आणि ध्रुवित प्रकाशात चकाकतं. मायक्रोस्कोपवर दोन पोलरॉइड फिल्टर बसवायची सोय असेल तर हा वाद अर्ध्या मिनिटात मिटतो. तिसरा, लाल पेशीवर येऊन बसलेली थ्रॉम्बोसाइट, म्हणजे रक्त गोठवणारी पेशी. तिच्याभोवती बहुधा एक फिकट कडं दिसतं.

या गोंधळाला इतिहासही आहे. १९०४ मध्ये फ्रिट्झ शाउडिन यांनी पिंगळ्याच्याच कुळातल्या युरोपीय लहान घुबडाच्या रक्ताचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की त्यातले पेशीतले परजीवी आणि ट्रिपॅनोसोमा ही एकाच जीवाची वेगवेगळी रूपं आहेत. प्रत्यक्षात त्या घुबडांत दोन-तीन वेगळे संसर्ग एकत्र नांदत होते. शाउडिन काही साधा माणूस नव्हता. पुढच्याच वर्षी सिफिलिसचा जीव त्यांनी एरिख हॉफमनसोबत शोधला. घुबडाची स्लाइड अशी असते. एका पक्ष्यात एकाच वेळी दोन-तीन परजीवी असणं नेहमीचं, तेव्हा एक सापडला म्हणून थांबू नये.

गुस्ताव्ह गिम्सा यांच्या नावाचा स्टेनही त्याच काळातला, आणि सव्वाशे वर्षं होत आली तरी पक्ष्यांच्या रक्तपरजीवींची जात ठरवायला आजही तोच मापदंड आहे. तुलना करायची म्हणून त्याची कृती: लेप वाळल्यावर शुद्ध मिथेनॉलमध्ये एक मिनिट. मग १० टक्के गिम्सा, म्हणजे ५० मिलीच्या उभ्या डब्यासाठी ५ मिली मूळ द्रावण आणि ४५ मिली बफर, पीएच ७.० ते ७.२, साधारण १८-२० अंशाला एक तास. पातळ केलेलं द्रावण त्याच दिवशी वापरायचं. वर धातूसारखी चकाकती साय धरते. स्लाइड तिच्यातून वर ओढली तर सगळी साय लेपावर बसते, म्हणून आधी बफर ओतून साय वाहून जाऊ द्यायची आणि मगच स्लाइड काढायची. तासभर लागतो, पीएच मीटर किंवा बफरच्या गोळ्या लागतात, आणि टेबलावर पक्षी घाबरून बसलेला असताना हे कुणाला नको असतं, हेही खरं. झटपट संचाचं दुकान चालतं ते यामुळेच.

‘स्वच्छ’ स्लाइडचा हिशोब करून पाहा. समजा दर १०,००० लाल पेशींमागे एक परजीवी आहे. घुबडात असा तुरळक संसर्ग अगदी सामान्य. मधल्या एकपदरी भागात एका फील्डमध्ये १०० पेशी धरल्या तर १०० फील्ड म्हणजे १०,००० पेशी. एवढं इमानदारीनं पाहूनही तो १०० पैकी सुमारे ३७ वेळा हुकतो. हुकण्याची शक्यता पाच टक्क्यांवर आणायची तर ३०,००० पेशी पाहाव्या लागतात. कुठलाही स्टेन हे गणित बदलत नाही, पण झटपट संचासोबत झटपट पाहणंही येतं, आणि दोन मिनिटांत १५ फील्ड बघून ‘निगेटिव्ह’ असा शिक्का बसतो. निदान १०-१५ मिनिटं ४०० पटीत आणि मग १०० फील्ड १००० पटीत, एवढं तरी व्हावं. शेरा लिहिताना ‘नाही’ ऐवजी ‘१०,००० पेशींत आढळला नाही’ असं लिहावं.

शिवाय असाही प्रसंग येतो की रक्तात फारसं काही नाही आणि पक्षी मात्र मरतोय. हिमोप्रोटिअस आणि ल्युकोसायटोझून यकृत, प्लीहा, स्नायू अशा ऊतींत वाढतात, आणि तिथली वाढ फुटते तेव्हा रक्तातली संख्या अजून चढलेली नसते. पिल्लात हे जास्त. उलटही होतं: गाडीनं उडवलेलं, पंख मोडलेलं प्रौढ घुबड आठवडाभर पिंजऱ्यात राहिलं की ताणामुळे दबलेला जुना संसर्ग वर येतो, आणि आल्या दिवशी रिकामी असलेली स्लाइड सातव्या दिवशी भरलेली दिसते. एकाच दिवसाच्या स्लाइडवर निर्णय नको. आल्यावर एक, आठवड्यानं एक.

ट्रिपॅनोसोमासाठी तर या संचाचा नादच सोडावा. रक्तात तो इतका विरळ असतो की लेपात सापडणं हा नशिबाचा भाग. केशनळी भरून सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला १०,००० ते १२,००० फेऱ्यांवर पाच मिनिटं फिरवा, नळी स्लाइडवर आडवी चिकटवा, आणि पांढऱ्या पेशींचा थर जिथे प्लाझ्माला भिडतो तिथे १०० पटीत पाहा. जिवंत ट्रिपॅनोसोमा वळवळताना दिसतो. स्टेनची गरजच नाही. त्याच नळीवरून हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, मोजता येतो, आणि घुबडाचं काय करायचं हे ठरवताना परजीवीच्या नावापेक्षा तो आकडा पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो. साधारण ३५ ते ५० टक्के ठीक. २० च्या आसपास किंवा खाली, सोबत फिकट तोंड आणि आटलेले छातीचे स्नायू, तर परजीवी खरोखर त्रास देतोय असं धरून पशुवैद्याशी औषधाचं बोलावं. हेमॅटोक्रिट चांगला, वजन चांगलं आणि हजार पेशींत एखादा हिमोप्रोटिअस असलेल्या जंगली घुबडाला मलेरियाची औषधं पाजण्यात शहाणपण नाही.

पीसीआर, म्हणजे रक्तातला परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी, करून देणारी सेवा या संचाला पर्याय आहे का? पूरक आहे. परजीवीच्या सायटोक्रोम बी जनुकाचा सुमारे ४८० बेसचा तुकडा वाढवण्याची २००४ मधली नेस्टेड (दोन टप्प्यांची) पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते आणि २००९ पासून मालावी (MalAvi) हा पक्ष्यांच्या रक्तपरजीवींचा डेटाबेस वंशावळी जुळवायला आहे. पण दोन परजीवी एकत्र असतील तर पीसीआर बहुधा एकच पकडते, संसर्ग किती दाट ते सांगत नाही, आणि माशीनं नुकतेच सोडलेले पण पक्ष्यात कधीच वाढू न शकणारे परजीवीही ‘पॉझिटिव्ह’ दाखवते. स्लाइड आणि पीसीआर एकाच रक्तावर व्हावीत: २०-५० मायक्रोलिटर रक्त ९५ टक्के इथेनॉलमध्ये किंवा लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) ठेवायचं. हेपरिनच्या नळीतलं नको, ते प्रतिक्रियाच अडवतं.

संचाच्या देखभालीचे गुण वेगळे द्यावे लागतील, आणि ते कमीच आहेत. निळ्या बाटलीत जीवाणू आणि बुरशी वाढतात. कानाच्या, त्वचेच्या, विष्ठेच्या स्लाइड त्याच बाटल्यांत बुडवल्या तर घुबडाच्या रक्तात यीस्ट ‘सापडतं’. रक्तासाठी वेगळा जोड ठेवा. बाटली अर्धी झाली म्हणून वर नवं द्रावण ओतू नका, सगळं टाकून भरा. निळं द्रावण दर आठवड्याला फिल्टर पेपरमधून गाळा. फिक्सेटिव्हचं झाकण स्लाइड बाहेर आल्या क्षणी बंद. ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे, म्हणून खिडकी उघडी आणि हातात हातमोजे. आणखी एक, जे कुठल्याच डब्यावर छापलेलं नसतं: जिथे शवविच्छेदनाचे नमुने फॉर्मालिनमध्ये असतात त्या खोलीत न रंगवलेल्या स्लाइड ठेवू नका. फॉर्मालिनची वाफ बंद पेटीतही शिरते आणि लेप हिरवट-निळा होऊन बसतो. मग गिम्साही त्याला वाचवू शकत नाही.

गुण द्यायचेच तर: ताबडतोब नजर टाकण्यासाठी, ल्युकोसायटोझून आणि वाढलेल्या हिमोप्रोटिअससाठी पाचपैकी चार. प्लास्मोडिअमसाठी दीड. ट्रिपॅनोसोमासाठी शून्य, पण तो दोष संचाचा नाही. विकत घ्यायला हरकत नाही, मात्र प्रत्येक घुबडामागे चार स्लाइड ओढा. एक आत्ता या संचात. उरलेल्या तीन त्याच दिवशी शुद्ध मिथेनॉलमध्ये फिक्स करून, पेन्सिलनं पक्ष्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून, कोरड्या पेटीत. महिन्याच्या आत त्यातल्या दोन गिम्सात रंगवा आणि तिसरी तशीच राहू द्या. पेनानं लिहिलं तर मिथेनॉल शाई धुऊन नेतं आणि पेटीत तीन बिननावी घुबडं उरतात.